दुःखात विश्वास कसा टिकवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रविवारी उपासना संपल्यावर कोणी मोठ्याने विचारत नाही. ते येतात दवाखान्याच्या जिन्यात, दफनविधीवरून परतताना, नाहीतर रात्री साडेअकराला आलेल्या मेसेजमध्ये. मी पाळक नाही आणि ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, आजारी आणि शोकात असलेल्या घरांना भेटी द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेही माझा दादा गेल्यानंतर. काही प्रश्नांना मी लांबलचक उत्तर दिलंय, काहींना दोन ओळींत. ज्या प्रश्नावर जास्त रात्री जागून काढल्या, त्यावर जास्त लिहिलं गेलं, इतकंच.

देवाकडे तक्रार केली तर तो अविश्वास होतो का?

बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा सवाल चारदा येतो. चव्वेचाळिसाव्यात लोक देवाला चक्क म्हणतात, जागा हो, झोपलास का? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी एखादी तरी स्तुतीची ओळ येईल म्हणून आपण वाट बघतो आणि ती येत नाही. हा संग्रह जमवणाऱ्यांना ते स्तोत्र सहज गाळता आलं असतं. त्यांनी ते उपासनेत गायच्या गीतांत ठेवलं.

संदेष्टा यिर्मया आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. मुलंबाळं आणि संपत्ती गमावलेला ईयोब देवाला न्यायालयात खेचायची भाषा करतो. आणि ४२ अध्यायांच्या त्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो कोणावर? ईयोबाच्या मित्रांवर. ज्यांनी देवाची बाजू घेऊन पानंच्या पानं भाषणं केली, त्यांना तो म्हणतो की माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला, तसं तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत.

मग अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांवर देव का कोपला, असं कोणीतरी हमखास विचारतं. प्रश्न रास्त आहे. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात त्याचा धागा सापडतो. ते आपापल्या डेऱ्यांत बसून कुरकुर करत होते आणि देव आपला द्वेष करतो म्हणून त्याने आपल्याला इथे आणलं, असं एकमेकांना सांगत होते. ते देवाविषयी बोलले, देवाशी बोलले नाहीत. ईयोब ओरडला, पण तोंड देवाकडे करून ओरडला. वधस्तंभावर प्रभू येशूने बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्यात 'माझ्या' हा शब्द दोनदा आहे. टाकून दिल्याची तक्रारसुद्धा ज्याने टाकलं असं वाटतंय त्याच्याकडेच चालली आहे.

तेव्हा तक्रार करा. मात्र त्याच्या तोंडावर करा.

हे माझ्या पापाचं फळ आहे का?

'कुठलं पाप केलं होतं कुणास ठाऊक' हे वाक्य आपल्या बोलण्यात इतकं रुळलंय की विश्वासी घरातही ते सहज तोंडून जातं. शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, त्यांच्याविषयीही त्याने स्पष्ट सांगितलं की ती इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती.

काही दुःखं आपल्याच करणीने येतात, हे खरं. दारूने गेलेलं यकृत, खोटं बोलून तुटलेलं नातं. तिथे पश्चात्ताप करावा, ज्याचं नुकसान केलं त्याची माफी मागावी. पण असं कारण असतं तेव्हा ते बहुधा माणसाला स्वतःलाच माहीत असतं, ते शोधायला बाहेरून कोणी यावं लागत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या आयुष्यातलं 'लपलेलं पाप' हुडकणाऱ्या पाहुण्याला नम्रपणे दार दाखवावं.

उपास-प्रार्थना केली, तेल लावून प्रार्थना झाली, तरी बरं वाटलं नाही. विश्वास कमी पडला का?

दादासाठी आम्ही अकरा महिने प्रार्थना केली. शुक्रवारचे उपास, साखळी प्रार्थना, सगळं झालं. नवव्या महिन्यात घरी आलेल्या एका बंधूंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "ह्या घरात कोणाचा तरी विश्वास डळमळतोय, म्हणून उत्तर अडलंय." त्या रात्री आई झोपली नाही. ती मला एकच विचारत राहिली, "माझा तर नसेल ना रे?" आजाराने दादाला नेलं, पण त्या एका वाक्याने आईची पुढची दोन वर्षं नेली.

म्हणून ह्या प्रश्नावर मी जरा तावातावाने बोलतो. नव्या करारातली माणसं बघा. प्रेषित पौलाच्या हातून आजारी लोक बरे झाले, पण त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. उत्तर आलं ते असं: 'माझी कृपा तुला पुरे आहे.' तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो अगदी जाता जाता लिहून जातो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. विश्वास कमी पडला वगैरे टिप्पणी नाही, निव्वळ बातमी. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आणि गेथशेमाने बागेत खुद्द देवाच्या पुत्राने हा प्याला दूर कर म्हणून मागितलं, ते मागणंही तसं पुरं झालं नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपण विश्वासवीरांचा म्हणून वाचतो आणि बहुतेकदा सिंहांची तोंडं बंद झाली तिथे थांबतो. दोनच वचनं पुढे जा. तिथे हालहाल करून मारलेले, करवतीने चिरलेले, रानोमाळ भटकलेले लोक आहेत. त्या सगळ्यांविषयीही साक्ष तीच आहे: विश्वासाबद्दल.

देव बरं करतो ह्यावर माझा विश्वास आहे आणि आजही मी त्यासाठी प्रार्थना करतो. याकोबाने आपल्या पत्रात मंडळीतल्या वडीलजनांना बोलावून आजाऱ्याला तेल लावायला सांगितलंय, ते करावं. फक्त निकाल हातात घेऊन आजाऱ्याच्या विश्वासाला मार्क देऊ नयेत.

प्रार्थनाच होत नाही. गुडघे टेकले तरी शब्द येत नाहीत.

येणार नाहीत. अतिदक्षता विभागाबाहेरच्या स्टीलच्या बाकावर बसून मी महिनाभर प्रयत्न केला होता. माझ्याकडे खिशात मावणारा नवा करार होता, मागे स्तोत्रं जोडलेला. तेराव्या स्तोत्राचा कोपरा मी दुमडून ठेवला होता. सगळी सहा वचनं एका दमात कधी वाचून झाली नाहीत. पहिली दोन वाचायची, पुस्तक मिटायचं, आतून नर्सने नाव पुकारलं की उठायचं. तीच माझी त्या काळातली प्रार्थना.

पौल रोमकरांना लिहितो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे जिथे भाषा संपते तिथे प्रार्थना संपलेली नसते. काही साध्या युक्त्या कामी येतात. प्रभूची प्रार्थना म्हणा, स्वतःची जुळवू नका. एकच वाक्य धरा. मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाचं वाक्य फार उपयोगी आहे: 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' मुलगा फेफऱ्याने विस्तवात पडतोय, शिष्य हरलेत, आणि हा माणूस अर्धवट विश्वास घेऊन उभा आहे. प्रभूने त्याला आधी विश्वास पुरा करून ये, असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

आणि तेही जमत नसेल तर दुसऱ्यांना करू द्या. पक्षाघाती माणसाला छत उकलून खाली सोडणाऱ्या चौघांची गोष्ट आठवा. तिथे 'त्यांचा विश्वास' पाहून प्रभू बोलला, असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस काही बोलल्याची नोंदच नाही.

अशा वेळी पवित्र शास्त्र कुठून वाचावं?

कमी वाचा. स्तोत्रं, मार्काचं शुभवर्तमान आणि विलापगीत. विलापगीताविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. यरुशलेम इ.स.पू. ५८६च्या सुमारास उद्ध्वस्त झालं, त्याचा हा शोक. पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचले आहेत. बावीस अक्षरं, म्हणून बावीस वचनं. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून सहासष्ट. जणू अ पासून ज्ञ पर्यंत रडून घ्यायचं, एकही अक्षर सोडायचं नाही. 'देवाची दया रोज सकाळी नवी होते' हे आपण भिंतीवर लावतो ते वचन ह्या सगळ्याच्या मधोमध येतं. त्याच्या आधी आणि नंतर राखच राख आहे. पाचव्या अध्यायात तो अक्षरक्रमही मोडतो आणि पुस्तक एका शंकेवर संपतं.

'सगळं चांगल्यासाठीच होतं' असं लोक म्हणतात. बायबल तसंच म्हणतं ना?

रोमकरांस ८:२८ म्हणतं की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. 'मिळून' हा शब्द वाचा. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर ती चांगली असते, असं तिथे लिहिलेलं नाही. लाजराच्या कबरेपाशी उभा असताना आपण त्याला उठवणार हे प्रभूला माहीत होतं, तरी 'येशू रडला'. त्याने मरणाला चांगलं म्हटलं नाही.

तेच यिर्मया २९:११चं. भविष्य आणि आशा देणारं ते वचन शुभेच्छापत्रांवर छापतात. ते बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या आधीचंच वचन सत्तर वर्षांची मुदत सांगतं. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजण परत जाणारच नव्हते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. मला हे वचन असं वाचल्यावर जास्त आधाराचं वाटतं, पण लॉटरी लागल्यासारखं कोणाला पाठवावंसं वाटत नाही.

मग देव दुःख थांबवत का नाही?

मला ठाऊक नाही. ईयोबालाही वावटळीतून उत्तर मिळालं त्यात कारण नव्हतं. त्याला देव भेटला, खुलासा मिळाला नाही. ख्रिस्ती विश्वासाचं म्हणणं एवढंच आहे की देव दुःखाच्या बाहेर उभा राहून बघत बसला नाही. त्याने खिळे सोसले, आणि उठल्यावरही त्या खुणा पुसल्या नाहीत. शंका घेणाऱ्या थोमा ह्या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या.

देव दूर गेल्यासारखा वाटतो. कित्येक महिने काहीच जाणवत नाही.

जाणवणं आणि असणं ह्यांत फरक आहे, हे दुःख नसताना बोलायला सोपं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की ज्यांच्या तोंडावर कायम हसू असायचं, त्यांनी कित्येक दशकं आत असाच कोरडा अंधार सोसला. त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसतच होत्या. बाप्तिस्मा करणारा योहान तर तुरुंगातून निरोप पाठवतो, 'येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?' ज्याने स्वतः बोट दाखवून 'हा पाहा देवाचा कोकरा' म्हटलं, त्याचा हा प्रश्न. प्रभू चिडला नाही. निरोप्यांना उत्तर देऊन पाठवलं आणि मग लोकांसमोर योहानाची थोरवी सांगितली.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो तर विश्वास कमी आहे असं होईल का?

नाही. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो.

संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर झालं. इंग्रज उपदेशक चार्ल्स स्पर्जन २२ वर्षांचा असताना, १८५६ मध्ये, त्याच्या सभेत कोणीतरी 'आग' असं खोटंच ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. तो खचला आणि नैराश्य आयुष्यभर अधूनमधून परत येत राहिलं. हे त्याने व्यासपीठावरूनही लपवलं नाही.

जीव द्यावासा वाटत असेल तर हे पान इथेच थांबवा आणि जवळच्या माणसाला आत्ता हाक मारा, डॉक्टरकडे जा. प्रार्थना वाटेत करता येते.

घरात मारहाण होते. मंडळीत सांगितलं तर 'आपला क्रूस उचलून चाल' असं उत्तर मिळालं.

हा सल्ला चुकीचा आहे आणि मी त्याला गुळमुळीत भाषेत चुकीचा म्हणणार नाही. क्रूस म्हणजे प्रभूच्या मागे चालल्यामुळे जे अंगावर येतं ते. दुसऱ्याचं पाप गुपचूप पाठीवर सोसत राहणं हा क्रूस नव्हे. नासरेथात लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा प्रभू त्यांच्यामधून निघून गेला. दिमिष्कात पौल रात्री टोपलीतून भिंतीवरून उतरला. यरुशलेमेत त्याला फटके मारायला ताणून बांधलं, तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं, म्हणजे कायद्याचा आधार घेतला. तुम्हीही सुरक्षित जागी जा आणि कायद्याची मदत घ्या. क्षमेचं पुढे बघता येईल, आणि क्षमा केली म्हणजे परत त्याच घरात राहायलाच हवं असंही नाही.

विश्वासामुळे त्रास झाला, तेव्हा घाबरून मी ख्रिस्ताला नाकारलं. आता?

छळात टिकलेल्यांच्या कथा आपण पुष्कळ सांगतो. स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प मरणाला सामोरं जाताना म्हणाला की ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही. ह्या कथा सांगाव्यातच. पण इ.स. २५०मध्ये रोमी सम्राट देशियसने सगळ्यांना देवतांना बली अर्पायला लावलं तेव्हा ख्रिस्ती लोकांतले पुष्कळजण घाबरून बली देऊन बसले, हाही इतिहास आहे. त्यांना परत घ्यायचं का ह्यावर मंडळीत मोठा वाद झाला आणि शेवटी परतीची वाट उघडी राहिली.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारकावा आहे. पेत्र ह्या शिष्याने प्रभूला तीनदा नाकारलं ते कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. 'कोळशांचा विस्तव' ह्या अर्थाचा तो ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो: पुनरुत्थानानंतर, तिबिर्याच्या किनाऱ्यावर, जिथे प्रभूने मासळी भाजत ठेवली होती. तोच वास पेत्राच्या नाकात गेला असणार. आधी जेवण, मग तीनदा एकच प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस का?

शोक किती दिवस करावा? विश्वासी माणसाने रडू नये म्हणतात.

थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो की आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो सांगत नाही. मुदत कोणी ठरवून दिलेली नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी त्यातही चालू ठेवलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. आपण त्यांचं काम मोजतो. मनोरमा गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्या कशा बसल्या-उठल्या असतील, ह्याचा विचार मी हल्ली जास्त करतो.

दुःखी घरी भेटायला जाताना काय बोलावं?

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर नुसते बसून होते. त्यांचं बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

दवाखान्यात आमच्याकडे मंडळीतले एक वृद्ध काका यायचे. आले की माझी पाण्याची बाटली उचलायची, कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन भरून आणायची, शेजारी बसायचं. चष्मा पुसायचे, घड्याळ बघायचे, पुन्हा बाटली भरायचे. निघताना म्हणायचे, "उद्या येतो." आणि यायचे. त्यांनी मला एकही वचन सांगितलं नाही. त्या काळात ऐकलेले सगळे संदेश मी विसरलो, ती बाटली आठवते.

'देवाला त्याची जास्त गरज होती' असं मात्र कोणालाही, विशेषतः लहान मुलांना, सांगू नका. मुलं हिशोबी असतात. त्यांना देवाची भीती बसते. तो गेला, आम्हालाही रडू येतंय, प्रभू त्याला सांभाळतो आणि एक दिवस उठवणार आहे, एवढं पुरतं.

तुमचा स्वतःचा विश्वास टिकला का?

टिकला, पण जसाच्या तसा नाही. पूर्वी मी प्रार्थनेत फार बोलायचो. आता कमी बोलतो. दादाच्या दफनविधीला जे गीत गायलं, ते आजही उपासनेत लागलं की घसा आवळतो. बाकीचे गातात आणि मी पुस्तक धरून उभा राहतो. शेजारी आई गाते. यंदा पुनरुत्थानाच्या रविवारी ते पुन्हा लागलं. पहिलं कडवं म्हटलं मी. दुसऱ्याला पुस्तक मिटलं. आईने तिचं पुस्तक माझ्याकडे थोडं सरकवलं आणि गात राहिली.